साडूचा माल

तिसरा घाणाही बिघडला. तपासनीस बाईंनी दिव्याखाली धरलेली चकती नुसती त्याच्यापुढे सरकवली आणि हातमोजे काढत बाजूला झाल्या. त्याने वाकून पाहिलं. थर छान बसला होता, रंगही हवा तसा आला होता, आणि त्या देखण्या थरावर जागोजागी बारीक ठिपके होते. कुणीतरी तोंडात भुगा धरून शिंकावं तसे.

"थुंकला," तो म्हणाला.

"थुंकलाच," बाई म्हणाल्या. "मागच्यापेक्षा जास्तच."

त्याने चकती इतक्या जोरात ठेवली की बाईंनी टेबलाकडे आधी पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

तो कोटिंग विभागाचा प्रमुख होता आणि सगळा कारखाना त्याला तडतड्या म्हणे. पाठीमागे म्हणे आणि तोंडावरही म्हणे, कारण ऐकून तरी हा शांत होईल अशी नाव ठेवणाऱ्यांना आशा होती. ती फोल ठरली. बस उशिरा आली की तो बसशी भांडे, फोन लागला नाही की फोनशी. समोरचा बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला 'मुद्द्याचं बोला' म्हणे आणि चौथ्याला निघून जाई. हात मात्र कामावर बसलेला होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या चकत्या परत येत नसत, म्हणून त्याचा राग सगळे खपवून घेत.

चकत्या जर्मेनियमच्या. आग विझवणारे लोक धुरात शिरताना जो कॅमेरा नेतात, त्याच्या तोंडाशी अशी एक चकती बसते. धुरापलीकडे माणूस पडलेला आहे की गादी, हे त्या कॅमेऱ्याला अंगातल्या उष्णतेवरून कळतं. ती उष्णता चकतीवरून परत फिरू नये म्हणून तिच्यावर झिंक सल्फाइडचा पातळ थर चढवायचा. एका पोलादी पिंपातली हवा पंपाने काढून घ्यायची. वर छताला चकत्या टांगायच्या, खाली धातूच्या पन्हळीत, जिला सगळे होडी म्हणत, सल्फाइड ठेवायचं. होडीतून वीज सोडली की ती लाल होते, सल्फाइडची वाफ होते आणि वर जाऊन चकत्यांवर बसते. ऐकायला सोपं आहे. स्वयंपाकही ऐकायला सोपाच असतो. वाफ शांतपणे निघाली तर ठीक, पण मालाचे कण टणाटण उडायला लागले तर ते वर जाऊन चिकटतात आणि चकती वाया जाते. यालाच थुंकणं म्हणतात, आणि गेले तीन घाणे माल थुंकत होता.

आता हा माल यायचा त्याच्या साडूच्या भट्टीतून. इथेच सगळी मेख होती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. मग एके वर्षी शाळा सोडून त्याने वस्तीबाहेर दोन खोल्यांत भट्टी घातली आणि सल्फाइड भाजून विकायला लागला. माल चोख, माणूस चोख, पण बोलणं सुरू झालं की संपायचं नाव नाही. किती वाजले विचारलं तर घड्याळ कुणी घेऊन दिलं तिथून सुरुवात. नमनालाच घडाभर तेल जायचं. प्रत्येक गोष्ट 'त्याचं असं झालं'ने उघडायची आणि मग तिच्यात माणसं यायची, त्यांची दुखणी यायची, त्यांची कुत्री यायची. तडतड्याने घरात त्याचं नाव मालगाडी ठेवलं होतं. डबे किती आहेत ते फाटकाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि फाटक उघडेपर्यंत हलताही येत नाही.

अशा माणसाचा माल त्यानेच बायकोच्या भिडेखातर कारखान्यात आणला होता. वर्षानुवर्षं बरं चाललं. आणि आता हे.

तिसऱ्या घाण्याची बातमी घेऊन तो मॅडमच्या खोलीत गेला. कारखाना मॅडमच्या वडिलांनी काढलेला, पण वाढवला मॅडमनी, आणि त्यांना सगळं एका वाक्यात लागे. त्यांच्या खोलीत समोरच्यासाठी खुर्चीच नव्हती. एक होती ती भिंतीला लावलेली, तिच्यावर फुलदाणी.

"काम चुकतंय की माल?" त्यांनी विचारलं.

"माल."

"नक्की?"

"नक्की. यंत्र तेच, होडी तीच, हात तोच. बदललाय फक्त माल. पूर्वी दाणे द्यायचा, आता गोळ्या पाठवतोय."

"मग उद्याचा घाणा शेवटचा. तोही बिघडला तर तुमच्या साडूंना कळवून टाका, पुढचा माल आपण दुसरीकडून घेऊ." त्यांनी समोरचा कागद उलटला. "नवं मोठं चेंबर पुढच्या महिन्यात लागतंय. ते तुमच्या हाती द्यायचं ठरवलंय मी. तेव्हा हे एकदा निस्तरा."

तो बाहेर आला तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. त्या मोठ्या चेंबरची तो कधीपासून वाट बघत होता. जुन्या पिंपाच्या दाराचं रबर दर महिन्याला गळायचं, पंप दम लागल्यासारखा धापा टाकायचा, आणि त्या दोघांशी झटापट करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. पण आनंद व्हायच्या आधी मध्ये साडू आडवा पडला होता. साडूच्या भट्टीला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. इथून माल बंद म्हणजे भट्टी थंड. आणि भट्टी थंड झाली की सगळ्या नातेवाइकांत बोभाटा होणार की सख्ख्या साडूने साडूला बुडवला. माल खराब द्यायचा यांनी आणि वाईट व्हायचं आपण! त्याला साडूचा राग आला, मग तो माल आणणाऱ्या स्वतःचा आला, आणि राग धरायला आणखी कुणी मिळेना तेव्हा जिन्याच्या कठड्याला त्याने एक चापट मारली. हात मात्र चांगलाच झिणझिणला.

घरी बायको चांदीची वाटी घासत बसली होती. लग्नात दोघी बहिणींना आईने सारख्या वाट्या दिल्या होत्या. त्याच्या कपड्यांतून गंधक घरात यायचं आणि वाटी दर पंधरा दिवसांनी काळी पडायची.

"ताईची पण अशीच काळी झालीये," ती म्हणाली. "आत्ताच फोन आला होता तिचा. भाऊजी जेवत नाहीयेत म्हणे नीट."

"जेवणार कसे? तोंड बोलण्यात गुंतलेलं असतं."

"टिंगल पुरे. माल बंद करणार आहात का त्यांचा?"

"मी कोण बंद करणार? माल थुंकतोय. उद्याही थुंकला की मॅडम बंद करतील."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुमच्या हातून काही चुकत नाहीये ना, असं विचारतेय. नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं."

झालं. कारखान्यात जे कठड्यावर निघालं होतं ते आता घरात निघालं. इतकी वर्षं तो हे काम करतोय, डोळे मिटून होडी भरतो, आणि हिला वाटतं त्याला नाचता येत नाही! तो खोलीत येरझारा घालत बोलत राहिला. बायको वाटी घासत राहिली. त्याचं बोलणं ओसरल्यावर तिने वाटी उजेडात धरली आणि म्हणाली, "एकदा फोन करा त्यांना. माझ्यासाठी म्हणून करा. आणि बोलू द्या."

त्याने फोन लावला.

"अहो साडूभाऊ, बरं झालं फोन केलात," पलीकडून आवाज आला. "मी आजच हिला म्हणत होतो, त्याचं असं झालं—"

"घाणा बिघडला. तिसरा."

"अरेरे. थुंकला का? मला तेच सांगायचंय, त्या गोळ्या आहेत ना, त्या दाबायला मी जे यंत्र—"

"यंत्राचं राहू द्या. उद्या शेवटचा घाणा आहे. तो बिघडला की तुमचा माल बंद. एवढंच कळवायचं होतं."

 मग साडूने हळूच विचारलं, "तुम्ही आच कशी देता?"

या एका प्रश्नाने तडतड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "आच कशी देता? मला विचारताय? आता तुम्ही मला आच द्यायला शिकवणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! एवढं वाटतंय तर तुम्हीच या ना उद्या, आणि बघा डोळ्यांनी तुमचा माल कसा उडतो ते!"

"येतो," साडू म्हणाला.

एवढं छोटं वाक्य तडतड्याने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्याने फोन ठेवला. बायको वाटी पुसून कपाटात ठेवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

सकाळी तो पोहोचला तेव्हा साडू फाटकाशी आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा, दाढी नुकतीच केलेली. मुलाच्या शाळेत भेटायला बोलावलेल्या पालकासारखा तो पहारेकऱ्याशी गोडीगुलाबीने बोलत होता आणि पहारेकरी सुटकेसाठी इकडेतिकडे बघत होता. तडतड्याने साडूला आत घेतलं, पांढरा डगला दिला, डोक्याला टोपी दिली. "इथे बोलायचं कमी," तो म्हणाला. साडूने मान हलवली आणि डगल्याची बटणं लावता लावता पहारेकऱ्याच्या मावसभावाबद्दल सांगायला सुरुवात केली.

पिंपाचं दार उघडलं तसा सडक्या अंड्यांचा वास आला. बाहेरचा माणूस या वासाने नाक दाबतो. साडूने स्वतःच्या घरात शिरल्यासारखा श्वास घेतला. तडतड्याने चकत्या वर टांगल्या, होडी झटकून पुसली, बरणी उघडून फिकट पिवळ्या गोळ्या चिमट्याने एकेक करून तिच्यात मांडल्या. घट्ट, गुळगुळीत, टोकरल्या तरी चुरा न पडणाऱ्या. दिसायला निर्दोष. याचाच त्याला जास्त राग होता. दार लावलं, पंप सुरू झाला, आणि हवा निघेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही. साडू बोलत होता. तडतड्या दाबमापकाचा काटा हलण्याची वाट बघत होता आणि ऐकत नव्हता. न ऐकण्याची त्याला चांगली सवय होती.

काटा खाली आला. आता वीज सोडायची. त्याने हात नेहमीप्रमाणे बटणाकडे नेला आणि मध्येच थांबला. डोक्यात एक विचार आला, आणि तो काही चांगल्या मनाने आलेला नव्हता. घाणा बिघडणार हे नक्की. मग तो आपल्या हातून कशाला बिघडू द्यायचा? उद्या सगळे म्हणतील, याने मुद्दाम बिघडवला. बायको तर आजच म्हणेल.

तो खुर्चीवरून उठला. "बसा."

"मी?"

"तुमचा माल, तुमचा हात. आच कशी द्यायची ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग मला बोल नको. होडीवरचं झाकण बंद आहे. माल तापून शांत झाला की उघडायचं, वाफ चकत्यांवर जाऊ द्यायची, थर पुरता झाला की लावायचं. ते मी सांगेन."

साडू बसला. आधी त्याने खुर्ची जरा पुढे घेतली, मग जरा मागे. चष्मा काढून पुसला. बटणाला हात लावला, कापसाला लावावा इतका हलका, आणि ते केसभर फिरवलं. मग हात मांडीवर ठेवला.

"एवढंच?" तडतड्या म्हणाला.

"हो," साडू म्हणाला. "तर मी काय सांगत होतो. त्याचं असं झालं. तुम्ही मागे एकदा म्हणालात ना, की दाण्यांमध्ये चुरा फार येतो, यंत्र घाण होतं? ते माझ्या मनाला लागलं."

तडतड्याला आठवेना. पण म्हणालो असेन, असं त्याला वाटलं.

"म्हटलं, आपला माणूस बोलला म्हणजे काही असेल. दाणे नकोतच. गोळ्याच दाबू. आता गोळ्या दाबायच्या तर दाबयंत्र हवं. नवं कुठून घेणार? तर औषधाच्या गोळ्या करायचं एक जुनं यंत्र विकायला असल्याचं कळलं. गेलो बघायला. विकणारा घरी नाही."

इथे साडूने बटण आणखी केसभर फिरवलं. तडतड्याने पिंपाच्या बारीक काचेतून आत पाहिलं. होडी अजून काळीच होती. एवढ्या वेळात त्याने स्वतः तिला लालभडक करून सोडली असती. त्याची बोटं शिवशिवायला लागली. त्याने ती खिशात घातली.

"त्याची आई होती घरी. बरीच म्हातारी. म्हणाली, येईल इतक्यात, बसा. बसलो. त्यांच्याकडे एक कुत्रं होतं, तीन पायांचं. मी विचारलं, याचा पाय—"

"साडूभाऊ."

"हां, राहू द्या कुत्र्याचं. तर म्हातारीने चहा केला." पुन्हा बटण. "थंडीचे दिवस. काचेचा पेला फडताळातून काढला आणि त्यात उकळता चहा ओतला. तर ताडकन् पेला तडकला. चहा सगळा माझ्या पायावर. मी म्हटलं, आजी, पेला कच्चा होता तुमचा. तर ती म्हणाली, पेला चांगलाय रे, माझ्या सासूबाईंच्या वेळचा. गार काचेवर मीच एकदम कढत ओतलं. चूक माझी, पेल्यावर कशाला घालतोस?"

तडतड्या काचेशी वाकलेला होता, तो तसाच राहिला.

आत होडी हळूहळू अंधुक लाल होत होती. रोज या वेळेला आत भांड्यात लाह्या फुटाव्यात तशी उडाउडी सुरू झालेली असे, आणि तो मालाला शिव्या घालत आच आणखी वाढवत असे, म्हणजे काय उडायचं ते उडून लवकर संपावं. आत्ता एकही गोळी हलत नव्हती. सगळ्या जागच्या जागी शहाण्यासारख्या बसून तापत होत्या.

"यंत्र घेतलं," साडूचा आवाज चालूच होता. "गोळ्या दाबल्या, भट्टीत घातल्या, आणि नेहमीसारखी आच दिली. तर फटाफट सगळ्या फुटल्या. दाणा छोटा, तो आतबाहेर एकदम तापतो. गोळी घट्ट. बाहेरून तापते आणि पोटात गारच राहते, मग फुटणार नाहीतर काय? तेव्हा मला ती म्हातारी आठवली. तिथून पुढे सावकाश आच द्यायला लागलो. माझ्या भट्टीत जे होतं ते तुमच्या होडीतही होणार. म्हणून तर पहिल्या बरणीसोबतच तुम्हाला सांगायला फोन केला होता." त्याने मान वळवली. "सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं नव्हतं. सांगू दिलं नव्हतं. तडतड्याला तो फोन आता लख्ख आठवला. तो बसथांब्यावर उभा होता, बस दिसत होती, आणि फोनमधून 'त्याचं असं झालं, साडूभाऊ, गोळ्या दाबायला' एवढं आलं होतं. 'माल आला ना? मग झालं,' असं म्हणून त्याने फोन कापला होता. ती बस काही रिकामी नव्हती, त्याला जागाही मिळाली नाही. पुढे दर वेळी साडू तिथूनच सुरुवात करायचा आणि दर वेळी तो तिथेच तोडायचा. काल रात्रीसुद्धा.

 तीन घाण्यांच्या चकत्या. मॅडमना दिलेला तो एका शब्दाचा जबाब. आणि बायको वाटी घासता घासता म्हणाली होती ते अंगण.

"सांगितलं होतं ना?" साडूने पुन्हा विचारलं. खरंच विसरल्यासारखा विचारत होता. टोमणा मारायची त्याची जातच नव्हती, हे तडतड्याला माहीत होतं, आणि म्हणून तर ते जास्त झोंबलं.

"तुम्ही आच देत राहा," तो म्हणाला. "आणि मग पुढे? यंत्रवाला आला का घरी?"

साडूने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आजवर कुणी त्याला पुढे काय झालं असं विचारलं नव्हतं. तो थोडा गडबडला, आणि मग यंत्रवाला घरी आला, त्याने जुनी पावती शोधली, कुत्र्याच्या पायाचीही हकीकत निघाली. गोष्ट संपली तेव्हा होडी पुरती तापून शांत झाली होती. तडतड्याने झाकण उघडायला सांगितलं. वाफ वर गेली, थर चढला, झाकण लागलं.

पिंप थंड झाल्यावर तपासनीस बाईंनी पहिली चकती दिव्याखाली धरली. फिरवली. तिरपी केली. दुसरी घेतली. मग उठून दिवाच बदलला.

"काय झालं?" तडतड्या ओरडलाच.

"ठिपका सापडत नाहीये," बाई म्हणाल्या. "म्हटलं दिवा मंद झालाय की काय."

साडू डोक्यावरची टोपी हातात घेऊन चुरगाळत उभा होता. "म्हणजे माल राहील ना आता?" त्याने विचारलं.  सबंध सकाळभर हा माणूस घाबरलेला होता आणि घाबरला की तो आणखी बोलतो, हे तडतड्याला आत्ता कुठे कळलं. "फाटकाशी थांबा," तो म्हणाला. "मी वर जाऊन येतो."

मॅडम फोन ठेवत होत्या. "बोला. माल चालला का?"

"चालला."

"छान." त्यांनी क्षणभर विचार केला. "पण तीन वाईट आणि एक चांगला. अशा मालाचा भरवसा नाही. दुसरा पुरवठादार मी बघून ठेवलाय, तिकडूनच घेऊ. साडूंना सांगा, आभारी आहोत."

"मॅडम, माल तिन्ही वेळेला चांगलाच होता."

"मग?"

"त्याला जरा वेळ लागेल सांगायला."

"थोडक्यात सांगा."

थोडक्यात! थोडक्यात तर त्याने काल सांगितलंच होतं. 'माल' म्हणाला होता, आणि त्या एका शब्दात एका माणसाची भट्टी विझत आली होती. मुद्द्याचं बोललं की बोलणाऱ्याची चूक नेमकी मुद्द्याबाहेर राहते, आणि हे त्याच्याइतकं कुणाला सोयीचं होतं? आयुष्यभर तो लोकांना मुद्द्यावर आणत आला होता. आता खिडकीतून खाली अंगणात मोठ्या चेंबरसाठी घातलेला नवा ओटा दिसत होता. आणखी एक वाक्य बोललं की तो ओटा दुसऱ्याचा होणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

तो भिंतीपाशी गेला, खुर्चीवरची फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली आणि खुर्ची टेबलासमोर ओढली. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"थोडक्यात नाही जमणार," तो बसत म्हणाला. "पुरतं ऐका. मग काय करायचं ते करा."

त्याने सगळं सांगितलं. चुऱ्याबद्दल आपणच कुरकुर केली तिथून. बस सांगितली, कापलेला फोन सांगितला, म्हातारीचा पेलासुद्धा सांगितला. मॅडम दोनदा 'म्हणजे मुद्दा असा की' म्हणाल्या आणि दोन्ही वेळा तो 'नाही, अजून आहे' म्हणाला. असं बोलायची सवय नसल्यामुळे त्याला मध्येच रागही आला, पण धरायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं. बोलणं संपल्यावर मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"तिन्ही घाणे तुमच्या हातून गेले."

"हो."

"माल चालू ठेवू आपण," त्या म्हणाल्या. "मोठ्या चेंबरचं मात्र मला दुसऱ्या कुणाशी बोलावं लागेल. घाईचा हात मला तिथे नको. पटतंय ना?"

पटत नव्हतं. अजिबात पटत नव्हतं. इतकी वर्षं त्या गळक्या पिंपाशी झुंजलेल्या हाताला घाईचा हात म्हणणं त्याला सोसलं नाही, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येईना. तो उठला. खुर्ची जागेवर नेली, फुलदाणी तिच्यावर ठेवली आणि जिना उतरला. या वेळी कठड्याला मारायलाही त्याचा हात उठला नाही.

साडू फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसला होता. डबा उघडलेला नव्हता. त्याला येताना पाहून तो धडपडत उभा राहिला.

"काय झालं? काय म्हणाल्या? अहो, असे गप्प का? मुद्द्याचं सांगा हो साडूभाऊ, जीव टांगणीला लागलाय माझा!"

"माल चालू राहिला. भट्टी पेटती ठेवा."

साडू परत कट्ट्यावर टेकला. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. इस्त्रीच्या बाहीवर पाण्याचा मोठा डाग पडला. मग त्याने डबा उघडला, झाकणात अर्धं वाढलं आणि ते तडतड्यापुढे केलं. "ह्यांना म्हटलं होतं मी, साडूभाऊ सांभाळून घेतील," तो पहारेकऱ्याकडे हात करून म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून वाचलो."

एवढ्यावर सोडता आलं असतं. माणूस खूश होता, बायको खूश झाली असती, आणि मोठं चेंबर का गेलं हे कुणी विचारायला येणार नव्हतं. समोर बस येऊन थांबली. त्याचीच होती. तो कट्ट्यावर बसला, झाकण मांडीवर घेतलं आणि बसला जाऊ दिलं.

"मी नाही वाचवलं," तो म्हणाला. "ते झालं मुद्द्याचं. आता बाकीचं ऐका, जरा लांबण लागेल." शब्द येईनात, म्हणून त्याने साडूचेच घेतले. "त्याचं असं झालं. पहिल्या दिवशी तुमचा फोन आला होता."